खुशालीची पहिली ओळ

मु. पो. कुंडल, जि. सांगली
ता. ११ जून १९६६

चि. कृष्णात यास आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. इकडं आमी समदी खुशाल हाय, तुमची खुशाली कळवत जावी.

तुजं पत्र पोचलं. वर नाव लिवताना 'गं. भा. आक्काताई' असं लिवलंयस. गंगा आन भागीरथी, दोन दोन नद्या माज्या नावापुढं सोडल्यास, आन हितं आडाला दोर बुडापतूर सोडला तर अर्धी कळशी गाळ वर येतुया. पुढल्या खेपंला नुसतं आक्का लिव. मी रांडमुंड हाय हे पोस्टमनला ठावं हाय, त्याला दर पत्रात नव्यानं सांगायला नगं.

तर फौजंनं तुला घरी का लावलं त्याचा कागुद आता आला. तू लिवलंस त्यावरनं मला समजलं ते असं, की कागदाच्या वरच्या बाजूला लिवलंय तू फौजंच्या कामाला नालायक हायस, आन त्याच कागदाच्या खालच्या बाजूला लिवलंय की तुला झालंय काय, तर काय न्हाई. म्हंजे धडधाकट नालायक. आपल्या घरान्यात हा हुद्दा आजवर कुनाला मिळाला नव्हता. आबा असतं तर पेढं वाटलं असतं.

बोर्डानं तुला सकाळी धाला तपासलं म्हनतोस. सकाळी धाला तू बैल हायस, हे मी बी सांगितलं असतं, त्याला डॉक्टर कशाला. पन दिस कलला की तुज्या पापन्या वान्याच्या दुकानाच्या फळ्यावानी खाली येत्यात, हात खांद्याच्या वर ऱ्हात न्हाई, भाकरी चावता चावता जबडा मधीच उभा ऱ्हातो. साहेब लोकांची सुट्टी सांजच्याला, आन तुज्या आजाराची हजेरी सांजच्याला. दोघांची गाठ पडावी कशी?

उन्हाळ्यात मी तुला मिरजेला वडत नेलं म्हनून निदान नाव तरी कळलं. त्या डॉक्टरनं सांगितलं, असा आजार लाखात चार-पाच जनांस्नी हुतो. नवऱ्याचं ऐकून शालू रडाय लागली. मला मातर जरा ऐट वाटली. आपल्या भावकीत लाखात कुनी हुतं व्हय? ते मायस्थेनिया म्हनताना माजी जीभ वळत न्हाई, म्हनून मी आपली त्याला मावशी म्हनती. येती बी मावशीवानीच. तिनीसांजंला, न सांगता. रातभर मुक्काम करती आन सकाळी साहेब बघाय आला की मागल्या दारानं पसार.

आता कामाचं. वरच्या हापिसानं अपील करायला पंधरा ऑगस्टपतूर मुदत दिलीया आन आजार नोकरीत असतानाच लागला ह्याचा 'त्या वेळचा लेखी पुरावा' मागितलाय. ह्या वाक्यावर तू घाबरा झालास. मी न्हाई. तू फौजंतनं धाडलेली समदी पत्रं माज्या चुलीमागच्या तारंला टोचलेली हायत. काल धूर-जळमट झाडून मोजली. तेवीस भरली. चौसष्टच्या दिवाळीच्या पत्रात तूच लिवलंयस, की डाव्या डोळ्याची पापनी आपोआप पडती आन हवालदाराला वाटतं तू त्याला डोळा मारतोस. पासष्टच्या संक्रांतीच्या पत्रात लिवलंयस, की रायफल सांजच्या परेडला जड लागती आन सकाळच्या परेडला हलकी. ह्याच्यापरीस लेखी पुरावा काय ताम्रपटावर पायजे का? तेवीसच्या तेवीस रजिस्टरानं तुज्याकडं धाडती. साताऱ्याच्या हापिसात जाऊन दे.

पेन्शन मिळंल तवा मिळंल, मला तिची घाई न्हाई. पन सोंगाड्या म्हनून तुजं नाव सरकारच्या कागदावर ऱ्हायला नगं. सोंगं करनारी ह्या घरात मी एकटी हाय, आन तो मान मी कुनाला देनार न्हाई.

शालूला आशीर्वाद. माया हाय ती कमी करू नगंस, वाढवलीस तर हरकत न्हाई.
तुजी आक्का

---

मु. पो. खंडाळा, जि. सातारा
ता. २ जुलै १९६६

आक्काच्या पायाशी कृष्णातचा शि. सा. न. वि. वि. इकडं आमी समदी खुशाल हाय. तुझी खुशाली कळव. नद्या गाळल्यात, रागावू नगंस.

तेवीस पत्रं पोचली. धुराचा वास अजून हाय. मी अपिलाला मिरजेच्या डॉक्टरची चिठ्ठी जोडली, पत्रं जोडली आन साताऱ्याला जाऊन आलो. हापिसातला कारकून म्हनाला, गावचा एखादा दाखला असंल तर वजन वाढंल. म्हनून सरपंच नानासोंकडं गेलो. नानासो लय चांगलं बोललं, च्या दिला आन जागच्या जागी दाखला लिहून शिक्का मारला. बाहेर येऊन वाचला. त्यात लिहिलंय, 'सदर इसम कृष्णात हे सुदृढ बांध्याचे, निर्व्यसनी, कष्टाळू व होतकरू असून त्यांना कोणत्याही कामी नेमण्यास हरकत नाही.' मी परत आत जाऊन सांगितलं, की नानासो, मला आजारी म्हनून पायजे. तर ते म्हनालं, शिक्का मारून एवढ्या चांगल्या मानसाचं वाईट मी लिवनार न्हाई, निवडणूक तोंडावर हाय.

मग शालूला म्हनालो, तू साक्षीदार म्हनून लिव. सांजच्याला माझ्या सदऱ्याची बटनं तूच लावतीस, तेवढं लिवलं तरी हुईल. ती म्हनाली, नवऱ्याचं असं कागदावर लिवायचं नसतं. कागदावर लिवलं की ते तसंच ऱ्हातं. आन उठून गेली.

खरं सांगू का आक्का, मला बी ते नगं वाटतं. सात वर्सांच्या नोकरीत मी एकदा बी सिक रिपोर्ट केला न्हाई. आजारी पडला तो जवान कच्चा, असं आमच्यात हुतं. पापनी पडाय लागली तवा मी भिंतीकडं तोंड करून उभा ऱ्हात हुतो. आता तेच अंगावर आलंय. बोर्ड इचारतं, त्रास हुता तर सिक रिपोर्ट का केला न्हाई.

हितं लोक सरळ तोंडावर काय म्हनत न्हाईत. पन सकाळी नांगराला मी जोरात असतो आन दुपारनंतर बांधावर बसलेला दिसतो. बघनारा बघतो आन जाताना बैलाला बोलतो, की बाबा तुला बी पेन्शन पायजे का.

आपला लोभ हाय त्यावर आमचं चाललंय.
तुझा कृष्णात

---

कुंडल
ता. १० जुलै १९६६

चि. कृष्णात यास आशीर्वाद. वि. वि. इकडं खुशाल हाय.

नानासोंचा दाखला मी दोनदा वाचून घेतला. त्यांना माजा निरोप सांग, की गावात कुनी मेला तर मृत्यूचा दाखला त्यांच्याकडनं घेऊ नगा, 'सदर इसम मनमिळाऊ असून परत येण्यास हरकत नाही' असं लिहून देतील. तो कागुद अपिलाला जोडू नगंस. लग्नाला एखादा पोरगा असला तर त्याच्यासाठी ठेव, उपयोगाला येईल.

साक्षीदार म्हनून मी लिवती. मला कसली शरम? मिरजेहून परत येताना यष्टीत तुजी मान माज्या खांद्यावर पडली आन तुला ती उचलता येईना, शेवटी मी तुज्या डोक्याखाली उशाला पिशवी दिली, आन शेजारच्या बाईनं मला इचारलं की ह्यांनी लय घेतलीया का. मी व्हय म्हनाले. पुढं कोन समजावत बसनार? तेवढं सोडून बाकी समदं लिवलंय, अंगठा न्हाई, सही केलीया. चवथीपतूर शिकल्याचा उपयोग एकदा तरी व्हावा.

शालूला बोलू नगंस. तिला बटनं लावू दे, तेवढं तिचं लिवनंच हाय.

आठवन ठेवत जा, मी बी ठेवीन.
आक्का

---

खंडाळा
ता. ९ सप्टेंबर १९६६

आक्काच्या पायाशी शि. सा. न. वि. वि. इकडं खुशाल.

हापिसाचा कागुद आला. मराठीत बी एक प्रत हाय, ती उतरून काढतो. 'अर्जदाराने पुरावा म्हणून सादर केलेल्या पत्रांचे अवलोकन करण्यात आले. सदर कालावधीत अर्जदाराने स्वहस्ते व स्वाक्षरीनिशी तेवीस वेळा आपण खुशाल असल्याचे कळविले आहे. सबब पत्रांतील किरकोळ तक्रारी ग्राह्य धरता येत नाहीत. याबाबत काही म्हणणे असल्यास तीस दिवसांत सादर करावे.'

मी साताऱ्याला जाऊन कारकुनाला भेटलो. त्यानं मला फाईल दाखवली. समद्या पत्रांचं इंग्रजी केलंय आन दर पत्राच्या पहिल्या ओळीखाली कुनीतरी तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारलीया. तेवीस रेघा. मी म्हनालो, अहो ती पत्राची रीत हाय, तसं समदीच लिवत्यात. तो म्हनाला, मला ठावं हाय, माझी आई बी तसंच लिवती, पन वर बसल्यात ती मानसं मराठी न्हाईत, त्यांना रीत काय सांगू. त्यांना इंग्रजीत लिवलेलं दिसतं की मी सुखात हाय.

बाहेर अर्ज लिहून देनारे दादासो बसत्यात. त्यांनी तोड सांगितली. जुना कागुद, फिकी शाई, जुनी तारीख, आन नवी पत्रं लिहून द्यायची, ज्यात खुशाल म्हनून एक बी अक्षर न्हाई. शिक्क्याचं ते बघतील. मी न्हाई म्हनालो. एकदा सोंगाड्या ठरलोय, आता खरोखर सोंग करून तो शेरा पक्का करू का?

आक्का, मला वाटतं हे सोडून द्यावं. माझ्या हातनंच मी लिवलंय, कुनाला दोष देऊ. तू मनाला लावून घेऊ नगंस.

कृष्णात

---

कुंडल
ता. १६ सप्टेंबर १९६६

चि. कृष्णात यास आशीर्वाद. वि. वि.

तुजा कागुद वाचून मी आदी हसले, मग चुलीवरचं दूध उतू गेलं. तेवीस वेळा खुशाल. ह्या हापिसानं आपल्या मुलखातली समदी पत्रं गोळा केली तर दवाखानं बंद करावं लागतील. कॉलऱ्याच्या सालात आत्यानं लिवलेलं पत्र मला आठवतं, वर खुशाली, खाली पाच जनांची नावं. त्या साहेबाला म्हनावं, तुज्या हापिसाच्या पत्रात सहीच्या वर लिवलेलं असतं 'आपला नम्र सेवक', तर एक दिस माज्याकडं ये, गोठा झाडायचा ऱ्हायलाय.

दादासोला न्हाई म्हनालास ते बरं केलंस. न्हाईतर मीच लिवनार हुते नवी पत्रं, आन माजं अक्षर तुज्यापरीस चांगलं हाय, लगेच पकडलं असतं.

आता चेष्टा ठेवून एक काम सांगती. ते ऐक आन उलट बोलू नगंस.

त्रेसष्टच्या श्रावनात मी तुला एक पत्र धाडलं हुतं. तू तवा वर बर्फात हुतास. ते तुज्याजवळ असंल, तू काय टाकत न्हाईस हे मला ठावं हाय. ते काढ. त्याची पहिली ओळ बघ. 'इकडं आमी समदी खुशाल हाय.' मग म्हैस येली, रेडी झाली. मग वरच्या पट्टीत उसाची लावन झाली. मग शेजारच्या बनाबाईच्या सुनंशी माजं भांडान झालं, ते कशावरनं झालं ते समदं तिखटमीठ लावून लिवलंय. आन त्याच्या खाली, अकराव्या का बाराव्या ओळीला, की तुजं दाजी गेल्या मंगळवारी गेलं. ताप डोक्यात चढला, तीन दिसात आटोपलं.

मी तसं का लिवलं, ते तू कवा इचारलं न्हाईस. मास्तरांनी शाळंत शिकवलं हुतं, आदी नमस्कार, मग खुशाली, मग बातमी. तेवढंच कारन न्हाई. मला वाटलं, पोरगं तिकडं कुठंतरी उभ्या उभ्या पत्र फोडंल. फोडल्या फोडल्या त्याच्या तोंडावर ते नगं पडाय. धा ओळींचा येळ तरी त्याला मिळावा. म्हशीनं आन भांडनानं जेवढं लांबवता आलं तेवढं मी लांबवलं. त्याउपर काय सुचंना.

त्याला तू जे उत्तर धाडलंस ते त्या तेवीसात हायच. फाईलीत त्रेसष्टचा भादवा बघ. त्याची बी पहिली ओळ तीच, 'इकडं मी खुशाल हाय.' त्याच्याखाली बी तांबडी रेघ असंल. खाली तू लिवलंयस, की दाजींचं कळलं, दोन दिस जेवलो न्हाई. साहेबानं ते वाचलं न्हाई वाटतं. रेघ मारून दमला असंल.

ही दोन पत्रं शेजारी शेजारी लाव आन लिवून दे, की आमच्याकडं ज्या बाईचा नवरा मेला ती खुशाल असती, ज्याचा दाजी मेला तो खुशाल असतो, आन ज्याची पापनी पडती तो बी खुशाल असतो. आजार असला तर तो खालच्या ओळीत असतो. खालनं वाचा.

ते पत्र परक्या मानसांनी वाचावं असं मला वाटत न्हाई. त्यात मी वान्याची उधारी आन बनाबाईच्या सुनंचं नाक, दोन्ही काढलंय. आन खाली एका ठिकानी शाई पसरलीया. ते आडाचं पानी हाय. साहेबानं इचारलं तर तसंच सांग. पन दे. तुजं खरं ठरायला माजं चार लोकांत वाचलं गेलं तर मला काय लाज न्हाई, ती मी लग्नातच सासरी जमा केली.

हे केलं न्हाईस तर मी साताऱ्याला जाऊन स्वता फाईलीत बसंन.

तुला राग आला तर आपल्याजवळ ठेव, लोभ असला तर पाठव.
आक्का

---

खंडाळा
ता. ३ डिसेंबर १९६६

आक्काच्या पायाशी शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दिलं, फाईलीतल्या माझ्या पत्राशेजारी लावून घेतलं. ते माझ्या पगाराच्या वहीत, पेबुकात हुतं, तीन वर्सं. कारकुनानं ते आदी स्वता वाचलं आन रजिस्टरात चढवलं. पंधरा दिसांनी पुण्याला मिल्ट्रीच्या दवाखान्यात नवं बोर्ड लागल्याचा हुकूम आला.

सकाळी नऊलाच मला उभं केलं. मी मनात म्हनालो, झालं, परत तेच. पन बोर्डात एक मेजर डॉक्टर बेळगावकडला हुता, मराठी वाचनारा. त्यानं इंग्रजी कागुद बाजूला सारला आन तुझं पत्र मुळातलं वाचलं. म्हशीजवळ हसला. मग खाली, शाई पसरलीया तिथपतूर वाचत गेला. मला इचारलं, ही बहीन कितवी शिकलीया. चवथी म्हनालो. मग त्यानं बाकीच्यांस्नी इंग्रजीत काय सांगितलं ते मला न्हाई कळलं, पन मला म्हनाला, तुला आता तपासनार न्हाई, चार वाजता तपासनार, तोवर बसायचं न्हाई. शिपायाला सांगून मला जिना वर-खाली करायला लावला. आक्का, एवढी चांगली शिक्षा मला फौजंत कवा मिळाली न्हाई.

चार वाजता मावशी आली. मेजरनं हात पुढं धराय सांगितलं, ते पडलं. मोठ्यानं आकडं म्हनाय सांगितलं. सदतीसला आवाज नाकात गेला, एकेचाळीसला गेलाच. त्यानं इचारलं, कसं वाटतंय, तर मी म्हनालो, ठीक हाय साब. तिघं बी हसलं. मग एक सुई दिली आन घड्याळ लावून बसलं. पाव तासात दोन्ही पापन्या वर. आवाज मोकळा. सोंग असतं तर सुईनं पळालं नसतं, असं तो म्हनाला.

काल कागुद आला. आजार नोकरीत लागला आन नोकरीमुळं वाढला, असं लिवलंय. साठ टक्के अपंगत्व धरलंय, त्यावर पेन्शन. दोन वर्सांनी परत तपासनार.

तुझं पत्र मातर परत देता येत न्हाई म्हनालं. ते फाईलीतच ऱ्हानार. मला त्याचं वाईट वाटतंय, तुझ्या हातचं ते एकच मी जपलं हुतं.

आता खालची ओळ. मेजरनं मला इचारलं, सांजच्याला गिळताना ठसका लागतो का. मी बोर्डाफुडं न्हाई म्हनालो. खरं म्हंजे लागतो, दिवाळीपासनं. पानी नाकातनं येतं. दोनदा घास अडकला, एकदा डोळ्यापुढं अंधारी आली. शालूला सांगितलं न्हाई, ती आदीच रात्री माझा श्वास ऐकत जागी असती. मला भ्या वाटतंय आक्का. हे मी अजून कुनाला बोललो न्हाई.

कृष्णात

---

कुंडल
ता. ७ डिसेंबर १९६६, कार्डावर

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

साठ टक्के म्हंजे लय झालं. शाळंत तुला चाळीसच्या वर कवा पडलं न्हाईत. नानासोंना सांग, सत्काराला हार घालताना जपून, सांजच्याला ठेवला तर मान वर ऱ्हानार न्हाई.

त्या पत्राचं वाईट वाटून घेऊ नगंस. सरकारनं माजं लिवलेलं जपून ठेवलंय, अशी बाई कुंडलात दुसरी दाखव.

मी उद्याच्या गाडीनं निघती, कराडला बदलून. शालूला तू काय सांगू नगंस, मी सांगती. मग दोघं मिळून मिरजेला जाऊ, तिथल्या डॉक्टरला घास अडकल्याचं जसंच्या तसं सांगायचं. तू न्हाई म्हनालास तर मी तिथंच तुला खोटा पाडीन. माजी सही आता सरकारात चालती.

बाकी समक्ष.
आक्का

ता. क. हे कार्ड माज्याआदी पोचलं तर आजपासनं मिरजेच्या डॉक्टरनं दिलेली गोळी घेऊन अर्ध्या तासानं, उजेड असता जेवायचं. पातळ पेज न्हाई, भाकरी दुधात कुस्करून. आन घरातल्या समद्यांनी तवाच जेवायचं. मी आले की मी बी उन्हातच जेवीन. गावानं इचारलं तर शालूनं सांगावं, आमच्या वन्संला अंधारात ताट दिसत न्हाई.